विरजणाची वाटी

आई, घर सोडायला सांगितलंय. भांडण वगैरे काही नाही, घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलंय आणि वरच्या दोन खोल्या त्यांना हव्यात. मालकीणबाई सांगायला आल्या तेव्हा त्यांच्याच डोळ्यांत पाणी. मी त्यांना चहा करून दिला, म्हटलं अहो, त्यात काय एवढं, जळगावात घरांना काय तोटा आहे. त्या खाली गेल्या आणि मी ओट्यापाशी तशीच उभी राहिले. घरांना तोटा नाहीच गं. पण पोरगी एक वाजता शाळेतून येते आणि मी जामनेरच्या नोकरीवरून परत येईपर्यंत सहा होतात. मधली सगळी दुपार ती मालकीणबाईंकडे असते. तिथेच जेवते, तिथेच झोपते, त्यांच्या गव्हातले खडे वेचते. धाकट्याला पाळणाघरात ठेवतो, पण ही म्हणते मी काय बाळ आहे का तिथे जायला. सासूबाई दोंडाईचा सोडून यायच्या नाहीत, त्यांच्या म्हशी त्यांना आमच्यापेक्षा जवळच्या, आणि खरं सांगायचं तर त्यांचंही बरोबर आहे. तेव्हा मी घर शोधत नव्हतेच. पोरीची दुपार शोधत होते.

तू गेलीस तेव्हा ही पोरगी झालीही नव्हती. तुला कसं सांगू, हल्ली घर शोधायचं म्हणजे काय असतं ते. एजंट गाडीवरून पुढे, आम्ही मागे, धाकटा पेट्रोलच्या टाकीवर बसून पेंगतोय. एजंट किल्ली फिरवतो आणि म्हणतो, "ताई, व्हेंटिलेशन बघा, टाइल्स बघा." मी बघते. ह्यांना पार्किंग बघायचं असतं, नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते विचारायचं असतं. विचारायलाच हवं, नाही कोण म्हणतं? पण प्रत्येक रिकाम्या खोलीत उभी राहिले की मला तुझाच आवाज ऐकू यायचा, "भिंती नको देखू पोरी, शेजार देख. भिंती काय, बठ्ठ्या सारख्याच ऱ्हातस."

तू कसा बघायचीस शेजार, आठवतं? अण्णांची बदली झाली की ते एसटीच्या नव्या डेपोत हजर व्हायचे आणि तू मला घेऊन घर बघायला निघायचीस. हातात एक रिकामी स्टीलची वाटी. घर आतून बघायच्या आधी शेजारचं दार वाजवायचं आणि विरजण मागायचं. तेही दुपारीच, दिवेलागणीनंतर कोणी देत नाही म्हणून. मी एकदा विचारलं होतं, साखर का नाही मागत? म्हणालीस, साखर काय, डब्यात पडलेली असते, कोणीही देईल. विरजण फक्त त्या घरात असतं जिथे रोज कोणीतरी आठवणीनं दूध झाकतं. पिंपळनेरची ती बाई, तिच्याकडे विरजण संपलेलं होतं. तिनं तुला दारात उभं करून आतून दोन मिरच्या आणल्या, म्हणाली देठासकट टाका दुधात, लागतं दही. तू रस्त्यातच म्हणालीस, हेच घर घ्यायचं. त्या घराला खिडकीसुद्धा एकच होती. अण्णा कपाळावर हात मारून बसले होते.

आणि धुळ्याला, गल्लीतल्या त्या घराच्या वेळी, तू मला एकटीला पाठवलंस. मी नववीत. अनोळखी दार वाजवून वाटी पुढे करायची म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं. मी सरळ कोपऱ्यावरच्या डेअरीत गेले आणि दही घेऊन आले. तू वाटीला नाक लावलंस न लावलंस तोच ओळखलंस. "दही नको व्हतं माले. ती बाईले देखनं व्हतं." केवढी चिडली होतीस! मग स्वतः गेलीस, आणि त्याच बाईनं पुढे तुझ्या आजारपणात रोज भाकरी आणून दिली.

तर आता हसू नकोस. मीही रजा काढून, पर्समध्ये वाटी घालून फिरले. हे आधी चिडवायचे, "चला, वाटी घेतली का? आईंची तपासणी निघाली." नंतर तेही गप्प झाले, कारण उन्हानं आणि त्या एजंटानं आमचा दोघांचा पार जीव काढला होता. पिंप्राळ्याकडे एक छान रो-हाऊस होतं, पुढे जागा, मागे नळ. शेजारच्या बाईनं जाळीच्या दारातूनच सांगितलं, "आम्ही विकतचं आणतो." आणि दार लोटलं. तिचं तरी काय चुकलं? भर दुपारी कोणी वाटी घेऊन आलं तर मीही घाबरेन. बाजारापाशी जुन्या वस्तीत एक घर पाहिलं, तिथे काठोकाठ वाटी मिळाली. पण वाटीबरोबर अख्ख्या गल्लीनं माझी उलटतपासणी घेतली. आडनाव काय, गाव कोणतं, सासू का नाही जवळ. दुपारी पोरगी कुणाकडे असते म्हटल्यावर एक म्हातारी म्हणाली, "अशी कशी वं तू माय? लेकरू वाऱ्यावर सोडीसन नोकरी करी राहिनी?" मी विरजण सांडू न देता गाडीवर बसले आणि वाटेत कुठेतरी ओतून दिलं. आई, मी थकलेय गं. लेकरू वाऱ्यावर सोडलं असतं तर अशी उन्हातान्हात वाटी घेऊन हिंडले असते का?

मग तो महाबळकडचा फ्लॅट. तिसरा मजला, लिफ्ट आहे, एका मजल्यावर दोनच दारं. मला वर जायचंच नव्हतं. ह्यांनी ढकललं, आलोय तर बघून घेऊ. समोरचं दार वाजवलं ते निव्वळ सवयीनं. दार उघडलं माझ्याच वयाच्या एका बाईनं, केस विस्कटलेले, हातात थर्मामीटर. मुलाला ताप होता म्हणून तिनं रजा घेतली होती, नाहीतर दुपारी इथे कुत्रंही नसतं, असं तीच म्हणाली. विरजण म्हटल्यावर तिला काही कळेना. फ्रीज उघडून म्हणाली, "पिशवीतलं दही आहे, चालेल का?" आणि कात्रीनं पिशवीचा कोपरा कापून चमचाभर माझ्या वाटीत घातलं. मग सहज विचारलं, "दही घरी लावता तुम्ही? कोण लावतं?"

आई, मी म्हटलं, "आई लावते."

कुठून आलं कोण जाणे. तिनं विचारलं, "आई तुमच्याकडेच असतात?" मी म्हटलं, "हो." आणि तिचा चेहरा असा काही खुलला की मला पुढचं बोलताच येईना. म्हणाली, "बरं झालं हो ताई. आमचा पोरगा शाळेतून येतो ना, गळ्यात किल्ली असते त्याच्या. मी ऑफिसात घड्याळ बघत बसते, उघडलं असेल का कुलूप त्याला, गॅसला तर हात लावला नसेल. मजल्यावर एक दार तरी उघडं असेल आता." तेवढ्यात आतून त्यानं हाक मारली आणि ती धावली. मी वाटी धरून जिन्यात उभी. हे मागेच होते, धाकट्याला खांद्यावर घेऊन. सगळं ऐकलं त्यांनी. गाडीला किक मारताना म्हणाले, "आता आई कुठून आणायची?"

ते घर आम्ही घेतलं. का घेतलं, मला नीट सांगता येणार नाही. तुझ्या हिशोबानं तो शेजार नापासच, विरजण नाही आणि दुपारी माणूस नाही. पण तिच्या दारात उभी असताना मला वाटलं, उद्या माझ्या दारात कोणी वाटी घेऊन आलं तर त्यालाही कुलूपच दिसेल. आम्ही दोघी एकमेकींच्या दारात तुलाच शोधत होतो. पोरीच्या दुपारचं अजून काही जमलेलं नाही. मालकीणबाई म्हणतात लग्न होईपर्यंत इथेच येऊ दे, नंतर बघू. नंतर काय बघणार, कपाळ! त्या समोरच्या बाईला खरं सांगायचं रोज ठरवते. परवा तिचाच मेसेज आला, "आजींना पायऱ्या जमतील ना? लिफ्ट मधून मधून बंद असते." मी "आई नाही" एवढं टाइप केलं, खोडलं. आणि लिहिलं, "जमतील."

सांगेन मी तिला. सामान लागलं की पहिल्याच दिवशी सांगेन, रागावली तर रागावेल. तिच्या लेकराची किल्ली गळ्यातच राहणार आणि तिला आशा लावली ती मी. आखाजी जवळ आलीय, ऑफिसात सगळे अक्षय तृतीया म्हणतात. मला भाऊ नाही म्हणून तुझ्या नावाची घागर मीच भरते, तुला ठाऊक आहे. या वर्षी ती त्या घरात भरीन, वर खरबूज ठेवीन, सांजोऱ्या येतील तशा करीन. घागर जिथे भरतात तिथे पितर येतात म्हणायचीस ना तू? मग निदान त्या एका दुपारी तरी मी तिला खोटं सांगितलेलं नसेल. हे सगळं लिहिलं आणि आता भांड्यांच्या खोक्यात वाटीखाली ठेवून देतेय, दुसरं काय करणार. एकच राहिलं. तिनं विचारलं तेव्हा "हो" म्हणताना मला खोटं बोलतेय असं वाटलंच नाही गं. बरं वाटलं. किती वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं, आई कुठे असते म्हणून.