भलत्याच मशीनचं पुस्तक

बाबा,

वॉशिंग मशीनचं दार अजून उघडलेलं नाही. आईची शाल आत साबणाच्या पाण्यात तशीच आहे. मी मेकॅनिकला घेऊन येते. तोवर मशीनला हात लावू नका, आणि कृपा करून तुमचं ते पुस्तकही उघडू नका.

'कुठलंही मशीन, कुणालाही जमेल,' असं वर छापलंय. आत प्रत्येक पानावर काचेचा पडदा, त्यावर बोट ठेवा, कुलपाचं चित्र दाबून धरा! आपल्या मशीनला फिरवायचं एक गोल बटण आहे आणि त्यावरचे आकडे आईच्या हाताने केव्हाच पुसले गेलेत. दाबून काय धरू, माझं डोकं? जुन्या मशीनसाठी एक पान खर्च केलं असतं, तर त्या लेखकाचं काय जात होतं? आणि तुम्ही तरी घेताना आतली चित्रं बघायची होतीत.

सकाळपासून एकच चाललंय तुमचं, "पुस्तकात आहे तसंच केलं." आईने कुठलं पुस्तक वाचलं होतं? ती टकटक ऐकून बटण बरोबर थांबवायची आणि तुम्हाला "लुडबुड नको" म्हणून हाकलायची.

शाल मळलेली नव्हती, बाबा. धुण्याआधी मला विचारायचं होतंत.

भाजी गरम करून घ्या. काल तुम्ही तिचा हिरवा गाऊन शोधत होतात. तो माझ्या उशाखाली आहे. तो धुवायचा नाही.