मंदाला गावाचं बोलावणं

ज्येष्ठ वद्य नवमी, शके १८७८

प्रिय मंदा,

या आठवड्यात घरात काय काय आलं ते आधी लिहिते, म्हणजे मन जरा ठिकाणावर येईल. मूलच्या बाजारातून खोबऱ्याच्या वाट्या एक शेर, एक रुपया दोन आणे. सुंठ पावशेर, सहा आणे. अळीव, खारीक, बाळंतशेपा मिळून एक रुपया सात आणे. इथवर ठीक. पुढचं मात्र काही केल्या जुळत नाही. धावड्याचा डिंक दोन शेर, रुखमाबाईनं आणून दिला. पैसे देऊ केले तर हात मागे घेतला. मधाची मोठी बाटली जंगलाकडच्या टोल्यावरच्या वस्तीतून आली, तिचेही पैसे नाहीत. गुणाबाईनं चारोळी पदराखालून काढून ओसरीवर ठेवली आणि मी वळून पाहते तर ती फाटकाबाहेर. यांच्यापुढे किंमत काय लिहू?

तू म्हणशील, गावची लेक पहिलटकरीण, बायका कौतुक करतात, यात आईला कसली काळजी! पण बाई, याच रुखमाबाईनं चैत्रापासून माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मी विहिरीवर गेले की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. अक्षय्यतृतीयेला वाटलेली पुरणाची पोळी तिच्या घरून फडक्यासकट परत आली. तुला यातलं काही लिहिलं नाही, कारण तुझी पत्रं तिकडे आधी दिवाणखान्यात फुटतात हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पाकीट तुमच्या शेजारच्या कलाबाईंच्या नावावर पाठवते आहे. बाबांनाही यातलं काही माहीत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्यापासून लपवून टपालात टाकलेलं हे पहिलंच पत्र.

सुरुवात सोमारीपासून झाली. तुम्ही दोघी मोहफुलं वेचायला जायच्या, तिच्या टोपलीतली तू चोरायचीस, ती सोमारी. गेल्या श्रावणात तुला एवढंच कळवलं होतं की बाळंतपणात गेली. नवं लग्न झालेलं तुझं, जास्त लिहावंसं वाटलं नाही. आता लिहिते. मूल आडवं आलं होतं. बुधरी सुईणीनं तिला येत होतं ते सगळं केलं. मग चार माणसांनी बाजेवर घालून तिला घाटावर नेलं, पलीकडे मूलच्या दवाखान्यात न्यायला. वैनगंगा दोन्ही थड्या भरून चालली होती. डोंगेवाला म्हणाला, पाणी उतरल्याशिवाय टाकत नाही, आणि त्याचं काही चुकलं नाही. दुपारपर्यंत आम्ही वाळूवर बसून होतो. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. समोर मार्कंड्याचं शिखर दिसत होतं, मी तोंडानं महादेवाचं नाव घेत होते आणि ती सारखी विचारत होती, डोंगा आला का. शेवटी विचारायची थांबली.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत इथले जुने आमदार वारले आणि पोटनिवडणूक लागली. उमेदवार नागपूरहून ठरून आला. तुझ्या बाबांची इतकी वर्षं पक्षात गेली, पण त्यांना कोणी विचारलंही नाही. प्रांतिक कमिटीचे चिटणीस म्हणजे आपले व्याही, तुझे मामंजी. हुंडा न घेता त्यांनी तुला सून करून नेलं, ते उपकार बाबा जेवताना-उठताना आठवतात. मामंजी प्रचाराला आले, चौकात बैलगाडीवर उभे राहिले. मी बायकांत बसले होते. ते म्हणाले, हे माझ्या सुनेचं गाव आहे. पाडव्याच्या आत इथं दवाखाना होईल आणि नर्सबाई मुक्कामाला येईल. मी इथं खोटा पडलो तर मला तोंड दाखवायला जागा नाही. घर गावानं बांधावं, बाई सरकार देईल. अगं, माझ्या डोळ्यांना पाणी आलं. वाटलं, आपली मंदा केवढ्या घरात पडली!

मग मी कामाला लागले. मतदारांच्या यादीत बायकांची नावंच नव्हती. 'लटारूची बायको', 'मुखरूची माय' असं लिहिलेलं चालणार नाही, स्वतःचं नाव सांगितलं तरच मत, असा हुकूम होता. मॅट्रिक झालेली बाई गावात मी एकटी. दारोदार फिरले. परक्या माणसाच्या कागदावर नाव घालायचं म्हटलं की बायका पदर तोंडात धरून हसायच्या. रुखमाबाई तर म्हणाली, "माह्यं नाव माह्या मायलेच ठाऊक होतं जी बाई, थे त मरून गेली." तिच्याकडे तीनदा गेले. तिसऱ्यांदा मी फक्त सोमारीची आठवण काढली आणि म्हटलं, माझ्या व्याह्यांनी शब्द दिला आहे. तेव्हा चुलीकडे तोंड करून हळूच म्हणाली, "लिवा, रुखमा."

मताच्या दिवशी लुगडी धुऊन नेसून सगळ्या आल्या. आत उमेदवारांच्या वेगवेगळ्या पेट्या मांडलेल्या, आपल्याला हवी त्या पेटीत चिठ्ठी टाकायची. गुणाबाईनं पेटीला कुंकू लावलं आणि डोकं टेकवलं. साहेब ओरडला, बाई, हे देऊळ नव्हे! बाहेर येऊन गुणाबाई म्हणते, "देवापाशीबी नाव-गोत सांगाच लागते. सांगतलं त पायाबी पडलो, त्याचं का गेलं?" त्या दिवशी आम्ही किती हसलो होतो, मंदा.

माणूस निवडून आला. गळ्यातले हार उतरवून गेला तो अजून दिसला नाही. गावानं मात्र आपला शब्द पाळला. पुरुषांनी माती तुडवली, बायकांनी विटा वाहिल्या, टोल्यावरच्या लोकांनी सागाच्या बल्ल्या दिल्या. खोली उभी राहिली, दाराला कुलूपही आणलं. पाडवा आला आणि गेला. नर्सबाई काही आली नाही.

बाबा तीनदा नागपूरला येऊन गेले. तुला ठाऊकच आहे, कारण चहा तू आतून पाठवला होतास. तुझ्या बांगड्या वाजल्या, पण भेट झाली नाही, असं ते येऊन सांगत होते. मामंजींनी पहिल्यांदा सांगितलं, बजेट होऊ द्या. दुसऱ्यांदा सांगितलं, तुमच्या गावची वस्ती नियमात बसत नाही, आधी अर्ज नीट करा. बाबांनी टोल्यासकट माणसं मोजून अर्ज केला. तिसऱ्यांदा म्हणाले, आता प्रांताचीच वाटणी होऊ घातली आहे, कोणती फाईल कोणत्या राज्यात जाईल ते मलाच माहीत नाही, तुम्ही काय विचारता! आणि निघताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, येत्या फाल्गुनात मोठी निवडणूक आहे, बायकांना असंच तयार ठेवा, तुमच्या गावच्या बायकांचं कमिटीत फार कौतुक झालं. बाबा हे सगळं सांगत होते आणि पायातल्या वहाणा काढायचं विसरले होते.

मी म्हटलं, राजीनामा द्या. पारावर उभं राहून सांगा की आपल्याला फसवलं. मग मलाच माझी लाज वाटली. त्यांची लेक त्या घरात आहे. ही गोष्ट आम्ही दोघं एकमेकांपाशी बोललो नाही, पण गावाला काय सांगायला लागतं? रुखमाबाई भर विहिरीवर बोलली, मला ऐकू जाईल असं: "बापूजी पोरीचं घर सांभाळून राह्यले. आमचं कोन सांभाळन?" आणि एक दिवस दारात येऊन म्हणाली, "बाई, माह्यं नाव तेवढं यादीतून पुसून टाका. जसं लिवलं तसं पुसा." मी सांगितलं, तसं पुसता येत नाही. ती म्हणाली, "लिवाले बरं येते तुमाले." आणि गेली.

आता डिंकाचं सांगते. वटपौर्णिमेला मी एकटीच वडाला सूत गुंडाळत होते. मागे पाहिलं तर सगळ्या उभ्या. मला वाटलं, आता चारचौघीत अपमान होतो. पण रुखमाबाईनं माझ्या ओटीत आंबा घातला आणि म्हणाली, "बाई, रागाचं जाऊ द्या. मंदाले बोलवा. पहिलं बाळंतपन मायच्या घरीच होते न? मंग इथीच होऊ द्या. आमच्या पोरी मेल्या त थो मानूस नागपुरातून हालनार नाई. पन त्याचा नातू इथी येनार मनल्यावर नर्सच काऊन, डाक्टरबी धावत येईन!" गुणाबाई म्हणाली, "आन् नर्स आली का मंग तिले जाऊच देनार नाई. दवाखान्याले कुलूप हायेच, कोंडून ठेवू!" सगळ्या हसल्या. मीही हसले. कितीतरी दिवसांनी मला त्यांच्यात बसून हसायला मिळालं, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. घरी येईपर्यंत मला कळलंच नाही की मी हो म्हणून बसले.

त्याच संध्याकाळी पुरुषांनी बाबांना पारावर बोलावलं. बोलावण्याचं पत्र त्यांनी तिथेच, सगळ्यांच्या समोर लिहिलं आणि रुखमाबाईनं ते वाचून दाखवायला लावलं. बाबांचा चेहरा उजळला होता. गावाला देण्यासारखं त्यांच्याकडे शेवटी काहीतरी निघालं होतं.

तेव्हापासून मी रोज पंचांग घेऊन बसते आहे. तुझे दिवस महालक्ष्म्यांच्या सुमारास भरतात. आषाढापासून तोपर्यंत नदी कशी असते ते तू लहानपणापासून पाहिलं आहेस. विहीणबाई रिवाजाच्या पक्क्या आहेत, सातव्या महिन्यात माहेरी धाडायला त्या नाही म्हणणार नाहीत. मामंजी कुठेतरी दौऱ्यावर असतील. एकदा डोंगा बंद झाला की त्यांनी मनात आणलं तरी नर्स कशावरून येणार? मी परोपरीनं विचार करते. ज्या माणसानं एवढ्या गावासमोर दिलेला शब्द पाळला नाही, त्याच माणसावर पुन्हा भरवसा ठेवायचा आणि या वेळी तुला पणाला लावायचं, एवढाच या युक्तीचा अर्थ आहे. रुखमाबाईला वाटतं, रक्ताच्या नात्यासाठी तरी तो हलेल. मलाही तसं वाटायला हवं, माझी लेक त्याच्या घरात आहे. पण वाटत नाही.

सोमवारी मार्कंड्याला गेले. पिंडीवर बेल वाहिला आणि हात जोडले, तर काय मागायचं तेच सुचेना. तुझ्यापुरतं मागावं तर मागे वाळूवर बसलेल्या आठवतात, त्यांच्यासाठी मागावं तर तू दिसतेस. तशीच परत आले. वाटेत बुधरी भेटली. म्हातारी आता काठी घेऊन चालते. माझ्या मनातलं तिला न सांगता कळलं. म्हणाली, "भेऊ नोको बाई. मंदाले मीच हातात घेतली होती. आताबी मी हावो." मग थोडं पुढे गेली, थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पन सोमारीच्या बखतालेबी मी होतीच न."

म्हणून हे पत्र. एव्हाना बाबांचं बोलावणं तुमच्याकडे पोचलं असेल. मंदा, तू येऊ नकोस. विहीणबाईंना सांग, नदी भरली की आमच्याकडे डोंगा चालत नाही, तिथल्या मोठ्या दवाखान्यात सोय करा. हवं तर रिवाज मोडल्याचा दोष मला लावू देत. तू आली नाहीस तर नर्स येणार नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात कोणाची तरी लेक त्या वाळूवर निजेल, हे लिहिताना मला दिसतं आहे. तरी येऊ नकोस. मला उलट टपाली उत्तर हवं आणि ते पाकिटातून नको, उघड्या कार्डावर पाठव. गावात कार्ड आलं की टपालवाला रामाजी घरी द्यायच्या आधी पारावर बसून ते सगळ्यांना वाचून दाखवतो. त्यावर प्रकृतीचं निमित्त लिहू नकोस, डॉक्टरचं नाव घालू नकोस. एवढंच लिही की आई, तू नको म्हणालीस म्हणून मी येत नाही. मी रुखमाबाईच्या तोंडाकडे बघून हे सांगायचं ठरवून दोनदा घरातून निघाले आणि दोनदा परत फिरले. रामाजीच्या तोंडून ऐकल्यावर ती माझ्या दाराशी येईल. येऊ दे, मी दार लावून घेणार नाही. पण उशीर करू नकोस, बाई. पुढच्या शुक्रवारी बायका तुझ्यासाठी दवाखान्याची खोली सारवायला घेणार आहेत. कार्ड त्याच्या आत यायला हवं.

तुझीच,
आई