पडदा खराब आहे

प्रिय इन्स्पेक्टर,

ह्यांनी ठेवलेल्या नावानेच हाक मारते. सूनबाई म्हणायची सोय तुम्हा दोघांच्या सह्यांनी संपवली, आणि नुसत्या नावाने सुरुवात केली तर पत्र बँकेतून आल्यासारखं वाटतं. घरात नवा मिक्सर आला की आधी तो उलटा करून तळावरचं बारीक वाचणारी सून ह्यांनी कधी पाहिली नव्हती. इन्स्पेक्टर आली, साहेबांना चहा द्या, म्हणायचे. ते असते तर आपण मॉनिटर घ्यायला गेलो त्या दिवशी दुकानात त्यांना फार मजा आली असती.

आधी बातमी देते. डोळा वाचला. डॉक्टरीणबाईंनी आज तपासलं. सूज उतरली आहे, इंजेक्शनं अजून काही महिने घ्यावी लागतील, पण माझं काम माझ्याकडेच राहणार. खरं तर हे फोनवर सांगायचं होतं. पण हल्ली तू ‘बरं आहे ना, छान’ एवढ्यावर फोन ठेवतेस. दवाखान्यात सोबत येतेस, दारापर्यंत सोडतेस आणि आत न येता जातेस. माझं काय चुकलं, या विचाराने मी डोकं शिणवून घेतलं. मला डोळा हवा होता, तशी तूही हवी आहेस. डोळा वाचला, तुझं काय, ते कळेना.

त्या दिवसाचं मला अजून हसू येतं. जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांतले काना-मात्रे तपासले, डोळ्यांत तेल घालून. आणि या वर्षी एकाएकी अक्षरांवरची रेघ वाकायला लागली. शिरोरेघ ओळीच्या मधोमध लचकायची, कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी. अक्षरजुळणी करणाऱ्या पोराला मी फोनवर किती झापलं! बिचारा म्हणायचा, बाई, रेघ सरळच आहे हो. मग कागदावर छापून पाठवली, तीही वाकडी. तेव्हा मी काय ठरवावं? की त्याचं छपाईयंत्रही बिघडलंय आणि माझा मॉनिटरही! नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी किती पुस्तकांत तपासली असेन, पण स्वतःला लावून बघायचं सुचलं नाही.

चिरंजीव म्हणाले, नवा मॉनिटर घरबसल्या मागवून देतो. तू म्हणालीस, पडदा आणि चप्पल स्वतः बघून घ्यायची असते. घटस्फोटानंतर आपण दोघी पहिल्यांदाच बाजारात निघालो होतो. विक्रेत्याने विचारलं, या तुमच्या कोण? तू जरा थांबलीस आणि काकू म्हणालीस. बरोबरच होतं ते. मी मान डोलावली आणि मॉनिटर बघायला लागले.

भिंतभर पडदे, आणि प्रत्येकावर तेच रंगीत मासे पोहत होते. मी म्हटलं, मला मासे पाळायचे नाहीत, अक्षरं दाखवा. पेन ड्राइव्हमधलं माझं व्याकरणाचं पुस्तक त्याने उघडलं. चकचकीत पडद्यात अक्षरांपेक्षा माझाच चेहरा जास्त दिसत होता, तो तू बाद केलास. दुसऱ्याची मान वरखाली होत नव्हती. तिसरा उभा फिरवता येत होता, अख्खं पान एकदम दिसायचं, मला फार आवडला. पण रेघ वाकडी! मी म्हटलं, पडदा खराब आहे. त्याने दुसरा लावला, तोही खराब. मग त्याने मोठ्या अभिमानाने मुद्दाम वाकवलेला मॉनिटर आणला. वाकड्या रेघांपासून पळालेल्या बाईपुढे वाकडा पडदा! मी त्याला म्हटलं, तुमच्या अख्ख्या दुकानात एक धड पडदा नाही. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तू मात्र हसत नव्हतीस. तू पडद्याकडे बघतच नव्हतीस, माझ्याकडे बघत होतीस. मग म्हणालीस, आई, एक डोळा झाका बरं. उजवा झाकला, तर रेघ फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ. डावा झाकला, की लचकली. दुकानात एवढे पडदे लावलेले, आणि बिघडलेला निघाला तो माझ्याच डोळ्यातला. तू मॉनिटरचं नाव न काढता मला गाडीत बसवलंस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलंय, आणखी उशीर झाला असता तर मधली नजर कायमची गेली असती. हे लिहितेय तेही तुझ्यामुळे. तुझे उपकार फेडायचा विचारही मी करत नाही, मला ते अंगावर वागवायला आवडतात.

तो उभा फिरणारा मॉनिटर आता टेबलावर आहे. तू पाठवलास, आणि जोडायला दुकानातला माणूस आला, तू नाही. का, ते मला काल कळलं. चिरंजीवांनीच सांगितलं की तुझं लग्न ठरलंय. सांगताना तो नीट होता, काळजी करू नकोस. मग नंतर आम्ही दोघं बराच वेळ तुझ्याबद्दल चांगलंच बोललो. म्हाताऱ्या बाईला ही बातमी कशी द्यायची, म्हणून तू दारातून परत जात होतीस ना? वेडी आहेस. मला आनंद झाला गं, आणि थोडं रडूही आलं, दोन्ही खरं आहे. हे पत्र आमंत्रण मागायला लिहिलं आहे. तुझी आई नाही, त्या दिवशी तुझ्या बाजूला कोणीतरी मोठं बाईमाणूस हवं. मला पाहुण्यांच्या खुर्चीत बसवू नकोस. कोणी विचारलं, तुम्ही कुणाकडच्या, तर मी सांगणार आहे, मुलीकडची.

तुझीच,
आई