यंत्राला दिलेली ओळ

सोमवार, ३ तारीख
पोचलो एकदाच्या. मी सांगतेय, सूनबाई लिहितेय. मला अक्षरांचा गंध नाही आणि तिला सुरांचा, म्हणून आमचं बरं जमतं. गाणी गोळा करणाऱ्या साहेबांचं घर झकास आहे. वरची खोली आम्हाला, खिडकीत ऊन, गादी इतकी मऊ की पाठीला लाज वाटली. खालच्या खोलीत भिंतींना जाड कापड, मधे माईक, शेजारी यंत्र. त्याचा लाल दिवा लागला की ते ऐकायला लागतं. साहेब माझ्यासाठी खुर्ची पुढे करतात. नवऱ्याने उभ्या जन्मात केली नव्हती.

मंगळवार, ४
पहिलं गाणं माझ्या आईचं. आमच्यात शेवटची ओळ चारचौघांत गात नाहीत. ज्याच्या हाती गाणं सोपवायचं त्यालाच ती द्यायची. दिली की गाणं त्याचं. साहेब म्हणाले, यंत्राला अख्खं गाणं लागतं. सूनबाईला द्यावं, तर तिचा गळा म्हणजे तेल न घातलेलं दार. म्हटलं, घे बाबा यंत्रा, तूच माझा वारस. सगळे हसलो. दिली ओळ.

गुरुवार, ६
आजवर अकरा गाणी दिली. साहेबांनी पहिलं ऐकवलं. ही कोण गातेय, मी विचारलं. सूनबाईला वाटलं, थट्टा करतेय. करतेच मी नेहमी. पण गाणं खरंच ओळखीचं वाटेना. तुमच्या आईचं ना, ती म्हणाली. तर आईचा चेहराच आठवेना. हात आठवले. नुसते हात.

शुक्रवार, ७
बस्स झालं. एक उरलंय, ते द्यायचं नाही. माझी लेक सहाव्या वर्षी तापाने गेली, सूनबाई घरात यायच्या कितीतरी आधी. लेकीच्या बापाने तिचे फोटो जाळले, नाव घ्यायची बंदी केली. मग मी ते नाव एका गाण्याच्या शेवटच्या ओळीत ठेवलं. चाळीस वर्षं तोंडातल्या तोंडात गातेय. तोही गेला, आता दुसऱ्या कुणालाच ते नाव माहीत नाही. उद्या घरी जातोय.

शनिवार, ८
निरोप घ्यायला खाली गेले. जाता जाता ऐका म्हणत साहेबांनी कानांना हेडफोन लावले. आत लेकीचं गाणं. मी न दिलेलं. आवाज माझा नाही — लहान. शेवटच्या ओळीपाशी थांबला. मग म्हणाला, "आई, पुढचं म्हण ना."
साहेबांना काहीच ऐकू आलं नाही. लाल दिवा लागलेला —
ती मागत होती गं. सहा वर्षांची. नाही कसं म्हणू —
म्हटली.

शनिवार, दुपार
सूनबाईने टेप लावून पाहिली. ओळ आहे. नावाच्या जागी नुसता श्वास —
ही रडतेय, हात थांबतोय हिचा. कोण गेलं, विचारलं. म्हणाली, "आई, तुमची लेक."
मला लेक होती?
मग रडत काय बसलीस. नाव लिही तिचं. इथे, मोठ्या अक्षरांत —
लिही ना —
अगं, तुलाही माहीत नाही?