जळगावचा ट्रक

प्रिय समीक्षा,

हे सगळं फोनवर सांगायला दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा तुझी आई माझ्या शेजारी बसली होती, म्हणून लिहिते आहे.

देवपुरात आपली घंटागाडी अजून फिरते. सुका कचरा वेगळा ठेवा, हे लोकांच्या गळी उतरवायला तुला-मला दोन वर्षं लागली. आपल्याला पाहून दार लावून घेणाऱ्या घरांतूनच आता श्रीखंडाचे डबे धुऊन, पुसून मिळतात. परवा एका काकूंनी विचारलं, "पुढे काय होतं गं ह्यांचं?" मी म्हटलं, जळगावला चटया होतात.

आता होत नाहीत. दिवाळीपासून तिथल्या कारखान्याच्या बन्सीलालभाऊंनी आपला माल घेणं बंद केलंय. मी जाऊन आले. त्यांनी चहा पाजला, कारखाना दाखवला. मशीनवर ताडपत्री होती. नव्या प्लास्टिकचा दाणा स्वस्त झालाय, चटईवाले जुन्या प्लास्टिकचा दाणा मागत नाहीत, ते तरी काय करणार? धरणगावलाही एकाला भेटले. त्याला फक्त पाण्याच्या बाटल्या हव्या होत्या. नगरसेवक, साहेब, सगळ्यांचे उंबरे झिजवले. गाड्या मिळाल्या, डबे मिळाले, भिंतींवर चित्रं निघाली. हा माल घेणार कोण, हे आपणही कधी विचारलं नव्हतं बघ.

माल निवडायच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा जानेवारीत मी सगळे गठ्ठे कचरा डेपोवर पाठवले. कामावरच्या बायका जेवायला गेल्या होत्या. परत आल्यावर तुझ्या आईला, आपल्या अक्कांना, सांगितलं, जळगावचा ट्रक येऊन गेला. त्या इतक्या खूश झाल्या, की पुढच्या महिन्यातही मी तेच सांगितलं. तुलाही फोनवर तेच सांगत आले.

गेल्या महिन्यात डेपोवर कचरा वेचणाऱ्या सोनीबाईला भेटायला अक्का गेल्या. तिथे त्यांना आपले गठ्ठे दिसले. साडीच्या पट्टीने गाठ मारायची त्यांची पद्धत तुला ठाऊकच आहे. परत येऊन मला एवढंच म्हणाल्या, "आपलाच गठ्ठा शेतस त्या." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आल्या, नि दुपारी गुपचूप डेपोवर गेल्या.

आता रोज जातात. जळत्या कचऱ्याच्या धुरात बसून गठ्ठे उकरून काढतात, झटकतात, कडेला रचून ठेवतात. रात्री खोकतात. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, पुन्हा तिथे पाऊल टाकू नका म्हणून बजावलं. तुला मात्र त्या सर्दी सांगतात. एक तारखेला शेड बंद होतेय, तेही मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. अडवायला गेले तर त्या मला वळसा घालून निघून जातात. मी खोटं बोलले, माझं त्यांनी का ऐकावं? तू ये, समीक्षा, आणि तुझ्या आईला घेऊन जा. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

तुझीच,
संघमित्रा