निरोपाचा झगा

आर्डन,

मक्याची उकड पातेल्यात आहे, गरम करून घे.

शिवणकाम करणारी मापुलेंग माझ्या निरोपाच्या झग्याचं कापड परत देऊन गेली. म्हणाली, "आई, तुम्ही अजून वर्षभर राहताय ना! आर्डनबाबांनीच सांगितलं. मग झगा आत्ताच कशाला शिवू?" बिचारी आनंदाने नाचत होती. मीही हसले. काय करणार?

केरीच्या बाळंतपणाला मी पोचेन, असा शब्द आपल्या लेकीला तुझ्यासमोरच दिला होता.

जोडीदाराशिवाय बाहेर पडायचं नाही, हा मिशनचा नियम मी आजवर पाळला. पण आणखी वर्षभर राहायला आपल्या दोघांचा होकार मिशनला कळवायला तू एकटाच गेलास. आता मीही एकटीच मासेरू शहरात निघालेय, विमानाचं तिकीट काढायला. माझं एकटीचं.

लोरेन