दादाच्या रक्ताचा नमुना

प्रिय बारक्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. रागावलेली नाही. दादाला पोचवून आल्यापासून मला राग, रडू, काहीच येत नाही. जेवते, झोपते, कामावर जाते. आई त्याचे धुतलेलेच शर्ट पुन्हा धुते. मी ते मुकाट्याने वाळत घालते.

मेंदूत गुठळी झाली, एवढंच तुला माहीत आहे. इतक्या तरुण माणसाला ती का व्हावी, म्हणून डॉक्टरांनी जादा रक्त काढून आमच्याच प्रयोगशाळेत पाठवलं होतं. तपासायच्या आधीच तो गेला. रजेवरून परतले, तर नमुना फ्रीझरमध्ये तसाच. सोबतची मैत्रीण म्हणाली, "राहू दे गं, मी मशीनवर लावते." मी म्हटलं, "रोजचंच तर काम आहे." आणि हातमोजे चढवले.

'ताई रक्ताचा चहा गाळते' म्हणून तू चिडवायचास, पण काम तसं सोपं आहे. रक्तात गंधक असलेली काही द्रव्यं असतात. तयार केलेला नमुना एका गच्च भरलेल्या बारीक नळीतून दाबाने ढकलला, की ती एकेक करून बाहेर पडतात. द्रव्य जितकं जास्त, तितकं पडद्यावरचं शिखर उंच. त्यातलं होमोसिस्टीन फार वाढलं, की रक्तात गुठळ्या धरतात. दादाचं शिखर पडद्याबाहेर गेलं. नियमाप्रमाणे नमुना पातळ करून पुन्हा लावला. मग आकडा लिहिला, हात धुतले, डबा खाल्ला. भाजी कसली होती, आठवत नाही.

काल डॉक्टरांनी आईला आणि मला बोलावलं. म्हणाले, हा दोष जन्मापासूनचा, आईवडील दोघांकडून आलेला; भावंडांतही असू शकतो. माझं रक्त तपासून झालंय, साफ आहे. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणी त्याच्यासारखं उंच, काटकुळं, लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा असलेलं?" मी आईकडे पाहिलं. आईच म्हणाली, "आहे. धाकटा."

बारक्या, यावर गोळ्या आहेत, पथ्य आहे. वेळेत कळलं, तर माणूस चांगला म्हातारा होतो. दादाबद्दल हा प्रश्न कुणी वेळेत विचारलाच नाही रे. तू ये आणि रक्त दे. या खेपेला मशीनवर मी बसणार नाही, मैत्रिणीला सांगून ठेवलंय. मी बाहेर आईजवळ बसेन. कालपासून मला भीती वाटायला लागलीय. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी वाटतंय.

तुझीच, आता घरात थोरली उरलेली,
ताई